हवेचं भोक

सांगलीत विश्रामबागच्या चौकातून आत वळलं की पिठाच्या गिरणीला लागून मध्याचं दुकान होतं. पाच टीव्ही, पाच खुर्च्या, भिंतीला एक फळी आणि फळीवर सगळ्या गेमच्या कॅसेटी. अठ्ठ्याण्णव साल. तासाला दहा रुपये. कॅसेट नाही चालली तर मध्या ती काढून खालच्या पट्टीवर जोरात फुंकर मारायचा, परत खुपसायचा, आणि ती चालायची. गिरणीचं पीठ उडून टीव्हीच्या काचांवर बसायचं, म्हणून दिवसातून चारदा फडकं मारायचा आणि चारदा गिरणीवाल्याला शिव्या घालायचा.

पण दुकानावर जीव होता त्याचा. आणि तेच जायला निघालेलं. जागा जोतिबाअण्णांची, आणि अण्णांनी गणपतीतच तोंडावर सांगून टाकलेलं, "मधू, दिवाळीपर्यंत डिपॉझिटचे चाळीस हजार ठेव. नाहीतर मेडिकलवाला तयार आहे." मध्याकडं चार हजार नव्हते. दुकान गेलं की खंडाळ्याला काकांच्या ओळखीनं एका कारखान्यात चिकटायचं, असं नातेवाइकांनी परस्पर ठरवून ठेवलेलं. म्हणजे मध्या तिकडं आणि आई इथं एकटी. बाबा जाऊन तीन वर्षं झालेली. मध्याला रात्रंदिवस एकच घोर, की आईला एकटं टाकून जायचं नाही. त्यासाठी दुकान पाहिजे.

अशात शौनक दुकानात आला. साताऱ्याचा, मध्याच्या मावसभावाचा मित्र, अमेरिकेत कॉम्प्युटरवर असायचा, आणि वडलांच्या ऑपरेशनसाठी दोन-तीन महिने साताऱ्यात येऊन राहिलेला. आला तो फळीवरच्या कॅसेटी बघतच बसला. मग म्हणाला, "यातला एखादा सीलबंद आहे का? कधीच न फोडलेला?"

कपिल शेजारी बसून एका रिमोटला कथलाचा डाग देत होता. कपिल म्हणजे मध्याचा दोस्त, दुकानाचा सगळा रिपेअरीचा भार त्याच्यावर. तो हसायलाच लागला. "न फोडलेला? मग खेळायचं कशावर?"

"खेळायचं नाहीच," शौनक म्हणाला. "ठेवायचं."

आणि मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून दोघांची तोंडं उघडी राहिली. तिकडं म्हणे लोक गेम खेळायला घेत नाहीत, ठेवायला घेतात. तोच गेम, तीच कॅसेट. फोडलेली असली तर दोन हजार. सील शाबूत असलं तर पन्नास हजार. पण सील नुसतं असून भागत नाही. कोपरा दबला, किंमत कमी. उन्हानं रंग उडाला, कमी. दुकानदारानं किमतीचं लेबल चिकटवलं आणि काढताना गोंद राहिला, कमी. प्लास्टिकला नखाएवढी चीर गेली तर अर्ध्यावर. त्यानं खिशातून भिंग काढलं आणि बोट नाचवत सांगितलं, "आणि खरं सील ओळखायचं कसं? कंपनीत प्लास्टिक तापवून आवळतात, तेव्हा आतली हवा बाहेर जायला टाचणीच्या टोकाएवढं भोक ठेवतात. हवेचं भोक. ते ज्या जागी पाहिजे त्याच जागी पाहिजे. नकली करणारे तिथंच चुकतात."

"आणि असा एखादा आमी आणून दिला तर?" कपिल म्हणाला.

शौनकनं वहीच्या पानावर एका गेमचं चित्र काढून दिलं. निळं आकाश, लाल विमान, खाली परक्या लिपीतली तीन अक्षरं. "हा मिळाला, आणि एकही डाग नसला, तर चाळीस मी आत्ता देतो."

मध्या त्या कागदाकडं बघत राहिला. चाळीस.

*

आता गंमत बघा, कपिलचे मामा जालिंदर कोयनानगरला प्रकल्पाच्या वसाहतीत वायरमन. कपिलनं त्यांना एसटीडीवरनं फोन केला तो दुसऱ्याच कशासाठी, आणि बोलता बोलता लाल विमान काढलं. मामा म्हणाले, "आरं, आमच्या शेजारच्या मुक्ताबाईच्या कपाटावर हाय की असलं कायतरी. तिचा मालक ष्टोअरकीपर व्हता. एका परदेशी इंजिनिअरनं जाताना दिलेलं."

नवरात्रातल्या एका सकाळी दोघं कराडच्या गाडीत बसले आणि कराडहून कोयनानगरच्या.

मुक्ताबाई एकटीच राहायच्या. सत्तरीच्या, काटक. चहा केला. खोका लोखंडी कपाटावर, आरशाशेजारी, भिंतीला टेकून उभा. मध्यानं लांबूनच ओळखला. निळं आकाश, लाल विमान. उन्हाचा पट्टा रोज तिथंच पडत असणार, कारण आरशाच्या चौकटीचा रंग पार उडालेला. खोक्याचा रंग मात्र कालच छापल्यासारखा.

चहा पितानाच जमीन हलली. तिकडच्या लोकांना त्याचं काही नसतं. फळीवरची भांडी खणखणली, बशीतला चहा सांडला, कपाटावरचा आरसा थरथरला. मुक्ताबाईंनी नुसता हात धरला आरशाला. दोन-तीन सेकंद, आणि थांबलं.

बाहेर आल्यावर कपिल म्हणाला, "मध्या, तू बघितलंस का? सगळं हाललं. तो खोका न्हाई हालला."

पण ते नंतर. आधी पैशाचं बोलणं झालं. मध्या चाचरत म्हणाला, "आवं काकू, काय द्यायचं ते सांगा."

"मला कायबी नको."

"असं कसं?"

"पोरा, पैसं नगंत मला." मुक्ताबाईंनी खोका खाली घेतला नाही, बोटानं नुसता दाखवला. "घेऊन जा, आन् उघड. एवढंच कर. आमच्या मालकांनी दोनदा हातात ब्लेड घेतलं आन् दोनदा ठेवलं. माझा तर हातच जात न्हाई त्याच्यावर. तू उघड. उघडशील न्हवं?"

"उघडतो की," मध्या म्हणाला.

कपिलनं त्याच्याकडं वळून बघितलं. मध्यानं बघितलं नाही.

"आजच उघड," मुक्ताबाई म्हणाल्या. "लय वर्सं झाली बंद हाय."

*

खोका टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन मध्या रस्त्याच्या वळणावळणाला अंग चोरत सांगलीला आला. घरी टेबलावर टॉवेल सोडला, हातपाय धुवायला मोरीत गेला. पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं, बरं का.

तर त्याच्या आईची, चारूकाकूंची, एक सवय होती. घरात नवी वस्तू आली, मग ती सायकल असो, मिक्सर असो नाहीतर साधी कढई असो, तिला हळदकुंकवाचं बोट लावल्याशिवाय वापरायची नाही. बाबा गेल्यापासून त्या स्वतःला लावत नसत, पण वस्तूंना लावायच्या. मध्या पंचा घेऊन बाहेर आला तो आई खोक्यापुढं उभी, उजव्या हाताचं बोट लाल.

"आई! अगं काय केलंस!"

"काय केलं? नुसतं बोट टेकवलं."

लाल विमानाच्या खाली, प्लास्टिकवर, कुंकवाचा ठसा. मध्याच्या डोळ्यापुढं शौनकचं भिंग आलं. ओला कापूस घेतला, हलक्या हातानं पुसला. कापूस पांढराच राहिला. परत पुसला. पांढराच. खोबरेल लावून बघितलं. ठसा जागचा हलेना.

सायकल मारत कपिलकडं गेला. कपिलनं टेबलावरचा दिवा ओढला, डोळ्याला भिंग लावलं, आणि खोका तिरका करून करून बघत राहिला.

"अरे बोल की!"

"मध्या, हे वर न्हाई."

"म्हणजे?"

"कुंकू आतनं लागलंय. प्लास्टिकच्या आतनं."

दोघांनी चारी बाजू तपासल्या. शिवण शाबूत, चीर कुठं नाही. आत जायला वाट एकच, हवेचं भोक, आणि त्यातनं केसही जाईल का नाही शंका. कपिल म्हणाला, कुंकू बारीक असतं, पिठासारखं, गेलं असेल ओढलं. म्हणाला खरं, पण भिंग ठेवून त्यानं बोटं पँटला पुसली.

मध्या त्या रात्री झोपलाच नाही. आतला डाग काढायचा तर सील फोडायला पाहिजे, आणि सील फोडलं तर मग काढून करायचं काय?

पण डाग आपोआप कमी होत गेला. दुसऱ्या दिवशी फिका. चौथ्या दिवशी नुसती गुलाबी झाक. दसऱ्याला मध्यानं बघितलं तर काहीच नाही. खोका कोरा. त्यानं देवाला नारळ फोडला आणि साताऱ्याला फोन लावला. शौनक म्हणाला, पुढच्या गुरुवारी येतो, रोख घेऊन.

*

आता ऑक्टोबरचं ऊन म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. दुपारी जेवून चारूकाकू खाटेवर आडव्या झालेल्या आणि मध्या टेबलाशी बसून खोका बघत होता, कारण त्याला आता दुसरं काही सुचतच नव्हतं. त्याला हवेच्या भोकाजवळ प्लास्टिकच्या आत धूसर काहीतरी दिसलं. दमट काचेवर धरतं तसं. जुन्या चवलीच्या नाण्याएवढा गोल.

ओल! आत ओल म्हणजे पुठ्ठा फुगणार, पुठ्ठा फुगला म्हणजे गेलं सगळं. तो उठणार एवढ्यात गोल लहान झाला. नाहीसा झाला. परत आला.

आला. गेला. आला.

मध्यानं एका लयीत चाललेलं ते बघितलं, आणि का कुणास ठाऊक, मान वळवून खाटेकडं बघितलं. आईच्या अंगावरची चादर वर होत होती, खाली होत होती. चादर खाली गेली की गोल यायचा. वर गेली की जायचा.

त्यानं कपिलला बोलावून आणलं. कपिलनं मनगटावरचं घड्याळ सोडून हातात धरलं. एकानं चादर मोजायची, एकानं गोल. मिनिटाला सोळा. मिनिटाला सोळा.

"योगायोग असंल," कपिल कुजबुजला. "आत दमट हाय. उन्हानं होतंय. तांदळात ठेव गड्या, ओल ओढून घेतंय."

हे पटलं. मध्यानं बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा घेतला, खाली तांदूळ पसरले, वर खोका, आणि झाकण दाबून बसवलं.

दहा मिनिटं गेली असतील. आई खाटेवर ताडकन उठून बसली. तोंड उघडं, डोळे मोठे, दोन्ही हात गळ्याशी. आवाज नाही. मध्या पाठ चोळतोय, पाणी देतोय, पाणी आत जाईना. ओठ काळेनिळे व्हायला लागले. कपिल एका जागी खिळलेला, आणि मग एकदम वळला आणि त्यानं कडेत नखं खुपसून डब्याचं झाकण उपटलं.

चारूकाकूंनी लांब श्वास घेतला. "अगंबाई," म्हणाल्या, "काय उकडतंय रे."

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, धूळ, मध्याच्या कपड्यांवरनं येणारं गिरणीचं पीठ, वय. गोळ्या दिल्या.

अंगणात कपिल म्हणाला, "फोड ते."

"कपिल..."

"म्हातारीला शब्द दिलायस तू. तिनं पैसं घेतलं न्हाईत. फोड आन् टाक."

"आणि दुकान? खंडाळ्याला जाऊ का हिला इथं टाकून? अशा तब्येतीत? मी हे कुणासाठी करतोय?"

मध्या खोका उघड्यावर ठेवायला लागला, खिडकीशी, पंख्याखाली. आई ठीक होती. हसत होती, शेजारणींशी भांडत होती. रात्रीतनं चारदा उठून मध्या दोन्हीकडं बघायचा. आधी खोक्याकडं, मग आईकडं. मनाशी म्हणायचा, गुरुवारपर्यंत. मग हा घरातनं गेलाच.

*

गुरुवारी अकराला शौनक दुकानात आला. शटर अर्धं ओढून घेतलं. त्यानं पांढरे हातमोजे घातले, दिवा लावला, भिंग धरलं आणि अर्धा तास खोका फिरवत राहिला. कोपरे. शिवण. रंग. भोक. त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला.

"मधू, मी असा कुठंच बघितला नाही रे. ही कंडिशन नसतेच. हा कारखान्यातनंसुद्धा असा निघत नाही."

पैशाची पाकिटं टेबलावर ठेवली. मग पिशवीतनं त्यानं एक जाड पारदर्शक पेटी काढली. कडेला रबराची पट्टी, चार कोपऱ्यांना चार स्क्रू.

"हे काय?" मध्या म्हणाला.

"याच्यात ठेवायचा. हवाबंद. आता आतलं बाहेर नाही, बाहेरचं आत नाही."

कपिल उभा राहिला. त्याच्या हातात ब्लेड होतं, वायर सोलायचं. त्यानं ते मध्याच्या पुढ्यात, खोक्याशेजारी ठेवलं.

"एखादं भोक..." मध्यानं पेटीच्या कडेवरनं बोट फिरवलं. "पेटीला एखादं बारीक भोक नाही का ठेवता येणार?"

शौनक हसला. "मग पेटी कशाला?"

मध्यानं ब्लेडकडं बघितलं. पाकिटांकडं बघितलं. गेले चार दिवस आई ठीक होती. डॉक्टर म्हणाले होते, धूळ.

शौनकनं खोका पेटीत बसवून झाकण लावलं. पहिला स्क्रू.

गिरणी चालू होती. पट्ट्याचा आवाज भिंतीतनं येत होता.

दुसरा.

"मध्या," कपिल म्हणाला.

तिसरा.

भोकाशी गोल आला. मोठा झाला. आणि तिथंच थांबला.

चौथा.

मध्या शटरखालनं वाकून पळाला. सायकल घ्यायचं भान नाही. चप्पल एका पायात. आई, आई, आई, असं तोंडातनं निघत होतं आणि रस्त्यातली माणसं वळून बघत होती. दार ढकललं.

चारूकाकू गॅसपुढं उभ्या होत्या. तव्यावर पोळी फुगलेली.

"काय रे? असा काय आलास?"

"तू... तू बरी आहेस?"

"मला काय धाड भरलीय?" त्यांनी मनगट नळाखाली धरलं. "तवा लागला, बघ. आत्ताच. एकदम कुणीतरी हाक मारल्यासारखं झालं, आणि हात चुकला." मनगटावर लांबट लाल डाग उठलेला.

मध्या त्यांच्या पायाशी बसला आणि हसायला लागला, मग रडायला लागला. आईनं डोक्यावरनं हात फिरवला. तूप आण म्हणाली, ते त्यानंच लावलं.

*

दुकान राहिलं. अण्णांनी पावती दिली. मध्यानं दोन टीव्ही वाढवले. आईची धाप गेली ती गेलीच, उलट इतकी तरतरी आली की शेजारणी विचारायच्या, काय घेता काकू?

दिवाळीत अभ्यंगाच्या वेळी मध्यानं तेल लावायला आईचा हात धरला, तर डाग तसाच लाल. म्हटलं, वयानं भरायला वेळ लागतो. साखर तपासून आणली, साखर नाही. संक्रांतीला तिळगूळ देताना परत तेच मनगट. तिची नखंही वाढत नव्हती, हे त्याच्या तेव्हाच लक्षात आलं, कारण नेलकटरला गंज चढलेला.

त्यानं अमेरिकेला फोन लावला. मिनिटाला किती पडतात ते बघितलंच नाही.

"शौनक, तो फोड. पैसे परत देतो. सगळे देतो. स्क्रू काढ आणि फोड."

"वेडा आहेस का?" लांबनं शौनकचा आवाज आला, खुशीतला. "बँकेच्या लॉकरमध्ये आहे तो. भोकाशी एक धूसर ठिपका आहे बघ, तेवढाच. तोही वाढत नाही, कमी होत नाही. शंभर वर्षं असाच राहील."

कपिल आताशा घरी येत नाही. दुकानात येतो, काम करतो, जातो.

गुढीपाडव्याला मध्यानं आईला मिरजेच्या एका नव्या डॉक्टरकडं नेलं. तरुण डॉक्टर, आधीचं काहीच माहीत नसलेला. मध्यानंही मुद्दाम काही सांगितलं नाही.

डॉक्टरांनी मनगट उजेडात धरलं. "काकू, हे आज सकाळचं ना?"

"हो," आई म्हणाली. "आत्ताच, पोळ्या करताना."

डॉक्टरांनी डागावर बोट टेकवलं, आणि चटका बसल्यासारखं मागं घेतलं.

डाग अजून गरम होता.